बाज फाटकाबाहेर

दस्तगीर चाच्यानं तो प्रश्न जेवायच्या आधी विचारला असता तर माझ्या हातात भाताची थाळी नसती, आन मी ती आदळली पण नसती. पण चाच्याला टाइम बरोबर कळतो. सगळ्यांची तोंडं भरलेली, मांडवात गाव बसलेलं, मुजम्मिलभाईच्या डोक्यावर कोरी पगडी. तिची घडी मोडायच्या आधीच चाच्यानं ती कामाला लावली.

दावत औंढ्याला होती, आमच्या खळ्यात. मुजम्मिलभाई चाच्याचा पोरगा. आठ वरसं लांबच्या मदरशात राहून आलिम होऊन आलता. तितं उस्तादांनी त्याला पगडी बांधली, त्याची खुशी म्हणून चाच्यानं बोकड कापले. आमी मुलाणी. गावच्या जत्रेला आमच्या आबानं, माझ्या आज्यानं, जन्मभर सुरी चालवली, पण आमच्या स्वतःच्या दारात एवढं मटण मी पहिल्यांदा बघितलं.

मुजम्मिलभाई बसला होता पाठ ताठ ठेवून. तो जेवतो लय पटापट, कुणी ताट उचलून नेईल तसा. ती हॉस्टेलची सवय. मला म्हाईत हाय, कारण मी पण तीन वरसं मुलींच्या मदरशात काढलीत. तितं डाळ गरम असेपर्यंत खाल्ली तर खाल्ली.

"काय मौलाना," नथूबाबा पलीकडच्या पंगतीतनं ओरडले. नथूबाबा म्हंजे आबांचे जुने दोस्त, आमच्या बांधाला लागून त्यांचं शेत. "मराठी ऱ्हायली का समदी तिकडंच?"

"नहीं बाबा, आहे थोडी थोडी."

"लहानपनी माज्या आंब्याला दगडं मारून शिव्या देत पळायचास, त्या तरी हायेत का?"

"त्या पाठ आहेत बाबा. एक पण विसरलो नाही."

अख्खा मांडव हसला. आबा तर ठसका लागेपर्यंत. आन त्या हसण्यातच चाचा उभा राहिला.

"मुजम्मिल बेटा," चाचा म्हणाला. आवाज एकदम मऊ. चाच्याचा आवाज मऊ झाला की मी सावध होते. "तू शिकून आलास. घरात एक मसला लटकलाय, चार लोकांसमोर सांगून टाक. बाप जित्ता असताना पोरगा मेला, तर त्या पोराच्या लेकरांना आज्याच्या मिळकतीत वाटा मिळतो का?"

सगळं हसू बंद. कारण त्या घरात तसा मेलेला पोरगा एकच, माझे अब्बा. आन त्यांचं लेकरू एकच, मी. आन मिळकत म्हंजे कुठली, ते पण सगळ्यांना म्हाईत. तुंगार्लीची नर्सरी. तलावाच्या रस्त्याला लागून. जागा आबांच्या नावावर, पण कामिनीचं पहिलं रोप अब्बानं लावलं. अब्बा घाटात अपघातात गेले, मी मयतीला आले ती मदरशात परत गेलेच न्हाई. तवापासनं मी, अम्मी आन आबा ती चालवतो. बंगल्यावाल्यांना कुंपणाची झाडं, सोनचाफा, पावसाळ्यात लॉन. चाच्याला ती जागा एका हॉटेलवाल्याला पार्किंगला द्यायचीये. आबा हायेत तोवर हात लावता येत न्हाई. आबांच्या नंतरचं आज ठरवून घ्यायचं होतं.

मुजम्मिलभाईनं हातातला घास खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं न्हाई.

"नहीं मिलता," तो म्हणाला. "दुसरा मुलगा हयात असेल तर नाही मिळत."

थाळी माझ्या हातातनं पडली असं मी अम्मीला सांगितलं. पडली न्हाई. आदळली. भात चाच्याच्या पायजम्यावर.

"येऊ दे मग तो एकच कायदा!" मी ओरडले. "टीव्हीवर रोज बोंबलतात ना, सगळ्यांना सारखा कायदा? वर एका राज्यात आला पण! हितं पण येऊ दे! तितं तर मला वाटा हाय!"

"ऐकलंत?" चाचा भात झटकत म्हणाला. "मदरशातनं पळालेली पोरगी. दुश्मनाच्या तोंडचं बोलतीये."

"पळाले न्हाई! भाऊ मेलता तुझा, त्याच्या मातीला आले!"

मुजम्मिलभाई उठून काहीतरी म्हणत होता. मी ऐकलं न्हाई. स्कूटी काढली आन गेले.

*

पुढचं मी बघितलं न्हाई. जैतुन फुपीनं सांगितलं, तिच्या तोंडून सांगते. फुपी आबांची एकुलती एक पोरगी, तळेगावला दिलेली. ती बायकांच्या बाजूला कांदा चिरत बसलेली. 

फुपीला राग माझा आलता. लोकांसमोर अब्रू घालवली म्हणून. कांदा चिरता चिरता तिला वाटलं, पोरगी बोलली वाईट, पण बोलली तरी. आपण किती वरसं कांदाच चिरतोय. मग ती विळीवरनं उठली, पदर सारखा केला, आन सरळ पुरुषांच्या बाजूला गेली.

"मुजम्मिल, मग भैनीचं काय रं?"

"म्हंजे?"

"म्हंजे माझं. आबांच्या मागं मला वाटा हाय का न्हाई, तुज्या किताबात?"

"है ना, फुपी. भावाच्या निम्मा. तो तर फर्ज आहे, कुणी माफ नाही करू शकत."

चाचा हसला. "अगं जैतुन, आपल्यात भैनी सोडून देत्यात. आबांच्या भैनींनी सोडला, तुज्या भावजयीनं तिच्या माहेरी सोडला. गावचा रिवाज हाय."

"आमच्यावर ढकलू नको, दस्तगीर," नथूबाबा हाड चोखता चोखता म्हणाले. "आमच्या भैनी बी आता सह्या करत न्हाईत. माजी कस्तुरा गेल्या साली वाटा घेऊन गेली. मला लय राग आलता. भाऊबीजेला आली तवा ववाळनीत काय टाकू ह्ये बी कळंना. पन आली."

फुपी चाच्यासमोर उभी राहिली. "म्हंजे कसं हाय, भाऊ? त्या पोरीला द्यायचं न्हाई तवा तुला शरीयत आठवती, आन मला द्यायचं न्हाई तवा गाव."

चाचा पायजम्यावरचा भात परत झटकायला लागला. फुपी म्हणते, तिला त्याची दया आली. चाचा वाईट न्हाई. मटणाचं दुकान पहिल्यासारखं चालत न्हाई, रोज टीव्ही बघून त्याला वाटतं आपल्याकडचं सगळंच कुणीतरी नेणार. म्हणून जे दिसंल ते तो घट्ट धरतो. पायाखाली कोण आलंय ते बघत न्हाई.

"ह्याच्यासाठी शिकवला का तुला?" तो मुजम्मिलभाईला म्हणाला. "बापाला गावात पाडायला?"

"जवाब अधूरा राहिला, अब्बा. थाळी पडली मध्येच."

आता मुजम्मिलभाईचं सांगते, ते त्यानं मला स्वतः सांगितलंय. त्याला हाच प्रश्न परीक्षेत आलता. तोंडी परीक्षा, समोर म्हातारे उस्ताद. त्यानं एका शब्दात उत्तर दिलं, नहीं. पूर्ण मार्क. तो खूश होऊन उठला तर उस्तादांनी परत खाली बसवलं. म्हणाले, तू दार बंद केलंस, बरोबर केलंस, पण तो बिनबापाचा यतीम अजून तुझ्या ओट्यावर उभा आहे. त्याला कुठनं नेणार? मुजम्मिलभाई म्हणतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा तू आठवलीस. मी म्हणलं, एवढ्या वरसांत पहिल्यांदा? तर म्हणतो, तितं पाठांतरच एवढं असतं.

तर मांडवात तो बोलायच्या आधी आबाच बोलले. 

"माज्या मरनाचं वाटप माज्याच पंगतीत चाललंय," आबा म्हणाले. "आरं, मी जित्ता हाय. जित्तेपनी द्यायला कुनाची मनाई हाय का, मौलाना?"

"किसी की नहीं, आबा. तेच सांगत होतो. याला हिबा म्हणतात. बक्षीस."

"मग झालं की. मी दिलंच हाय. पोरगा गेला त्या दिवशीच बोललो, नर्सरी पोरीची. समद्यांनी ऐकलंय."

"व्हय, ऐकलंय," नथूबाबा म्हणाले.

"बोललात. पण सोडली का?"

"म्हंजे?"

"नुसतं बोलून होत नाही, आबा. देणाऱ्यानं दिलं म्हणायचं, घेणाऱ्यानं कबूल म्हणायचं, आणि कब्जा द्यायचा. तिसरं नसेल तर पहिल्या दोन्हीला काही किंमत नाही. नर्सरीची चावी कुणाकडे आहे?"

आबांचा हात आपोआप गळ्यातल्या दोऱ्याकडं गेला.

"आणि बाज कुठे आहे तुमची?"

नर्सरीच्या शेडमध्ये. आबा तितंच झोपतात, कित्येक वरसं. सगळ्यांना वाटत होतं दिलं म्हणून. आबांना वाटत होतं, अम्मीला वाटत होतं, मला तर वाटतच होतं. आन आबा रोज रात्री स्वतःच्याच हातानं ते परत घेत होते.

"तुम्ही तिथे झोपता तोवर ते तुमचंच," मुजम्मिलभाई म्हणाला. "उद्या, अल्लाह न करे, काही झालं, तर अब्बा मागतील. आणि मला सांगावं लागेल की ते बरोबर आहेत."

आबांनी हात धुतले. जेवण अर्धं ताटात तसंच.

"गाडी काढ," म्हणाले.

*

मला ह्यातलं काय म्हाईत न्हाई. मी लोणावळ्यात रविवारच्या गर्दीत अडकलेली. चिक्कीच्या दुकानापुढं गाड्या आडव्या, मी हॉर्न वाजवत, रडत, हेल्मेटच्या आतनं शिव्या देत.

अम्मी नर्सरीतच होती. रविवारी बंगल्यावाले येतात, म्हणून ती दावतीला आली नव्हती. माझं तोंड बघून तिनं पाइप खाली ठेवला.

"काय तोडून आलीस?"

"थाळी."

"स्टीलची ना? मग पोचा आला असंल. बस."

मी बसले न्हाई. शेडमध्ये माझी पत्र्याची पेटी हाय, मदरशातली. झाकणावर माझं नाव उर्दूत रंगवलेलं. तितं लाइनीत अशा पेट्या, प्रत्येकीचं जग तेवढंच. आता तिच्यात बी-बियाणं आन कातऱ्या असतात. मी सगळं बाहेर ओतलं आन अब्बाच्या सोनचाफ्याची कलमं पोत्यात भरायला लागले.

"कुटं न्हेतीस?"

"कुटं पण. पार्किंगमध्ये मरू देणार न्हाई."

"फेब्रुवारीच्या उन्हात मुळं उघडी करून न्हेलीस तर चार दिवसात तूच मारशील," अम्मी म्हणाली. तिनं पोतं माझ्या हातातनं काढून घेतलं. "तुझ्या अब्बाला पण राग आला की असंच व्हायचं. पहिलं हाताला लागंल ते उपटायचा. मग रात्री बॅटरी घेऊन परत लावायचा."

तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या. मुजम्मिलभाईच्या बाइकवर आबा, एका हातानं त्याचा खांदा, दुसऱ्या हातानं त्याची पगडी धरून. मागं नथूबाबाच्या पोराची पिकअप, पुढं फुपी आन नथूबाबा. आन त्यांच्या मागं, जरा अंतर ठेवून, चाच्याची गाडी.

"कशाला आलास?" मी मुजम्मिलभाईला म्हणले. "अजून काय नहीं मिलता ते सांगायला?"

"तू पूर्ण ऐकत नाहीस. मदरशात पण अशीच होतीस का?"

"मदरशात तर मला वर्गाबाहेरच उभं करायचे."

"का?"

"हाच प्रश्न विचारला म्हणून."

 तो हळू म्हणाला, "सवाल बरोबर होता तुझा."

त्याच्याकडनं हे ऐकून मला अजून राग आला, कारण आता रागवायला कुणी उरलं नव्हतं. मी म्हणले, "पण मी तुमच्या त्या सह्यांच्या कागदावर सही न्हाई करणार. मशिदीत फिरतोय तो, त्या एका कायद्याच्या विरोधातला."

"मी केली आहे. आजही करीन. बाहेरच्यांनी येऊन आपलं घर झाडावं, हे मला नको. पण मग आपण तरी झाडायला पाहिजे. ते केलं नाही आपण." पगडी सारखी केली. "भांडू यावर."

"रोज?"

"जुमा सोडून."

आबांनी गळ्यातला दोरा काढला. चावी त्यावर घासून घासून गुळगुळीत झालीये.

"पोरी, ही जागा, झाडं, पंप, शेड, समदं तुला दिलं. माज्या खुशीनं. घे."

मी अठराची झालेय, सज्ञान हाय, आन तरी माझा हात पुढं जाईना. "मला उपकार नकोत, आबा. चाचा काय म्हणंल, लोकांसमोर ओरडली म्हणून मिळालं."

"उपकार? तुज्या बापानं हितली दगडं वेचली तवा मी झाडाखाली झोपायचो. माज्याच पोराचं मी त्याच्याच पोरीला देतोय. हात कर पुढं, माजा दुखायला लागलाय."

"कबूल बोल," मुजम्मिलभाई म्हणाला.

"कबूल बोलायला माझं लगीन हाय का?"

"लग्नापेक्षा भारी हाय बयो," फुपी म्हणाली. "ह्यात नवरा न्हाई."

अम्मी हसली. अब्बा गेल्यापासनं मी तिला अशी तोंडावर हात न ठेवता हसताना बघितलं नव्हतं.

"कबूल," मी म्हणले.

"गवाह?" मुजम्मिलभाईनं आजूबाजूला बघितलं.

"मी हाय," नथूबाबा म्हणाले. "आन ह्या दोघी."

"तुज्या किताबात आमी दोघी मिळून एक गवाह व्हय रे?" फुपीनं विचारलं.

मुजम्मिलभाईचे कान लाल झाले. "आज दोघी दोन आहात, फुपी. नोंद लावायला सरकारी ऑफिसात जाऊ तेव्हा पण दोघी चला."

मग आबा शेडमध्ये गेले. पितळी तांब्या, चहाची छोटी शेगडी, उशाखालचा रेडिओ, सगळं गोधडीत बांधून खांद्यावर टाकलं. आन बाजेचं एक टोक उचललं. बाभळीची जुनी बाज हाय, एकट्याला हलत न्हाई. मी धावले.

"तू नाही," मुजम्मिलभाई म्हणाला. "देणाऱ्यानं खाली करून द्यायचं. तू फक्त बघ."

तो स्वतः पुढं झाला तर आबांनी मान हलवली. "तू नगं. तू सांगनारा. उचलंल त्यो, ज्याला उद्या ही जागा मिळाली असती."

सगळे चाच्याकडं बघायला लागले. चाचा फाटकाबाहेर गाडीवरच बसलेला, एक पाय खाली. पायजम्यावर भाताचा डाग. मी मनात म्हणले, आता किक मारतो आन जातो. चाच्यानं खरंच किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. आबा बाजेचं एक टोक धरून तसेच वाकलेले. 

गाडी बंद झाली.

"सोडा, सोडा," चाचा आत येत करवादला. "कंबर धरली तर दवाखान्यात मलाच न्ह्यावं लागंल." त्यानं दुसरं टोक उचललं. माझ्याकडं बघितलं न्हाई.

फाटकात बाज अडकली. सरळ बसेना. चाच्यानं ती तिरकी केली, एक पाय आधी काढला, मग दुसरा, आन बाज रस्त्यावर, करंजाच्या झाडाखाली. आबा तिच्यावर बसले, गोधडीचं गाठोडं मांडीवर. तलावाकडं चाललेले टुरिस्ट बघायला लागले.

"आता लाव कुलूप," मुजम्मिलभाई म्हणाला.

मी फाटक ओढलं, कुलूप लावलं. आत मी आन अम्मी. बाहेर सगळे. माझ्या हातात चावी, आबांच्या अंगाची ऊब अजून तिला. मागं पाइपातनं पाणी तसंच वाहत होतं, कामिनीच्या वाफ्यात. मला एकदम कळलं की तो नळ बंद करायचा का न्हाई हे आता मला ठरवायचंय. लय भ्या वाटलं.

"पोरी," आबा बाहेरनं म्हणाले, "तान लागलीये. मालकीन पानी देती का?"

मी मुजम्मिलभाईकडं बघितलं. "आता उघडलं तर बिघडंल का?"

"एकदा निघाले ते निघाले. आता ते पाहुणे. तुझी मर्जी."

"चला आबा," चाचा म्हणाला. "दुकानावर माडी हाय. तितं झोपा."

आबांनी त्याच्याकडं बघितलं, मग फाटकाकडं. 

मी कुलूप काढलं. "पाहुणे किती दिवस राहणार?"

"तुला कंटाळा येईस्तवर."

"तो रोजच येतो. या."

आबा उठले. मी बाहेर जाऊन बाजेचं एक टोक धरलं. ह्या खेपेला मला कुणी अडवलं न्हाई. दुसऱ्या टोकाला कोण येतंय बघत उभी राहिले. नथूबाबा तंबाखू मळत होते. फुपी चाच्याकडं बघत होती. चाचा आलाच. वाकला, उचलली.

फाटकात बाज परत अडकली.

"तिरकी कर," चाचा म्हणाला.

"माझं फाटक हाय, मला म्हाईत हाय."

चाचा हसला न्हाई. पण बाज त्यानंच तिरकी केली.